फटीतलं काम

पेस्ट कंट्रोलचं काम आटोपून हात धुतले की बहुतेक घरांत एक प्रश्न हमखास येतो : ‘पावडर टाकली म्हणता, पण दिसत तर कुठेच नाही?’ विचारणाऱ्याचा मला कधी राग आला नाही. पैसे मोजले तर काम डोळ्यांना दिसावं असं कुणालाही वाटणारच. फवारणीचा वास येतो, जेलचे ठिपके दिसतात, मग पावडरच तेवढी कुठे गेली? मी त्यांना सांगतो, की दिसत असती तर ती वाया गेली असती. घरातल्या किड्यांसाठी वापरायची पावडर डोळ्यांना दिसली, पायाला लागली, की ती चुकीच्या जागी पडली असं खुशाल समजावं. या धंद्यात मी जे काही शिकलो त्यातला मोठा भाग एवढ्या एका गोष्टीभोवती फिरतो.

मी मदतनीस म्हणून कामाला लागलो तेव्हा पुण्याच्या पेठांत जुने वाडे बरेच उभे होते आणि घरोघरी गमॅक्झिनचा पुडा असे. फडताळामागे, मोरीत, उंबऱ्याशी करड्या-पांढऱ्या रेषा ओढलेल्या आणि घरभर तो कुबट वास. त्या पिढीला पावडर म्हणजे हीच ठाऊक. खेड्यांत त्याच्याही आधीपासून मलेरियावाले येत. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि भिंतींवर डीडीटी मारून दारावर तारीख लिहून जाणारी माणसं गावोगाव ओळखीची झाली. त्यांनी असंख्य जीव वाचवले, हे मान्य करायलाच हवं. पण त्या काळानं आपल्याला एक सवयही लावली. पांढरं काहीतरी भरपूर पसरलं म्हणजे बंदोबस्त झाला, ही ती सवय.

गमॅक्झिन म्हणजे बीएचसी. ते मातीत आणि चरबीत वर्षानुवर्षं टिकून राहतं, म्हणून १९९७ साली भारतात त्यावर बंदी आली. पुढे त्याच घराण्यातल्या लिंडेनवरही आली. शेतात धुरळणीसाठी वापरलं जाणारं कार्बारिल २०१८ साली बंद झालं. वायुगळती झालेला भोपाळचा कारखाना हेच कार्बारिल तयार करायचा. तरीही आजसुद्धा दुकानात जाऊन ‘जरा गमॅक्झिन द्या’ म्हणणारी माणसं भेटतात, आणि दुकानदारही कसलीतरी भुकटी पुडीत बांधून देतो. त्या पुडीत नेमकं काय आहे, हे त्या दोघांपैकी एकालाही माहीत नसतं.

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात एक आजी एकट्या राहत होत्या. मुंग्यांनी त्या बेजार झाल्या होत्या. देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत त्यांनी भिंतीच्या कडेनं पावडरीची जाड रेष ओढली होती आणि ती रोज नव्यानं ओढत. मला म्हणाल्या, ‘अहो, मरत तर नाहीतच, उलट रेषेच्या कडेकडेनं चालतात. बघा तुम्हीच.’ मी उकिडवा बसून पाहिलं. त्या म्हणत होत्या ते अगदी खरं होतं. मुंग्यांनी त्या रेषेला समांतर वाट काढली होती आणि त्या शिस्तीत साखरेच्या डब्याकडे चालल्या होत्या.

त्या दिवशी मी आधी सगळी पावडर ओल्या फडक्यानं पुसून काढली. केरसुणी लावली असती तर तीच भुकटी हवेत उडून आजींच्या छातीत गेली असती. मग फरशी आणि भिंत यांच्यामधली भेग, कोनाड्याच्या फळीमागची फट, मोरीच्या नळाभोवतीचं भोक एवढ्याच ठिकाणी रबरी डस्टरनं हलकी फुंकर मारली. आजी माझ्याकडे संशयानं बघत होत्या. ‘एवढीशी?’ पंधरवड्यानं त्यांचा फोन आला. मुंग्या गेल्या होत्या. पण पुढच्या वेळी थोडी पावडर दिसेल अशी टाका, म्हणजे बरं वाटतं, असं त्यांनी आर्जवानं सांगितलं. मी नाही म्हटलं. त्याऐवजी मी कुठेकुठे पावडर भरली आहे, ते त्यांना बॅटरीच्या उजेडात एकेक करून दाखवलं. तेव्हापासून ही माझी पद्धतच झाली. काम दिसत नसेल तर ते दाखवावं, पण दाखवण्यासाठी म्हणून औषध बाहेर सांडू नये.

जाड थराला किडे का टाळतात, याचं कारण साधं आहे. मुंगी असो की झुरळ, पायाखालची आणि मिशांना लागणारी जमीन ते सतत चाचपत असतात. ढिगारा लागला की ते वळसा घालतात. थर आरशावर बसलेल्या धुळीइतका विरळ असेल तर मात्र त्यांना तो कळत नाही, ते त्यावरून चालत जातात आणि पायांना, मिशांना, पोटाखाली कण चिकटतात. झुरळ फार स्वच्छ प्राणी आहे, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पण ते आपल्या मिशा आणि पाय सारखे तोंडातून ओढून साफ करत असतं. बोरिक पावडर काम करते ती या सवयीमुळे. अंगाला चिकटलेले कण चाटताना पोटात जातात आणि झुरळ काही दिवसांनी मरतं. लगेच मरत नाही. फवारणीनं पाय वर करून पडलेली झुरळं बघायची सवय असलेल्या माणसाला या ‘काही दिवसांनी’चा धीर धरवत नाही आणि तो तिसऱ्या दिवशी फोन करतो. पण ही पावडर उडून जात नाही, तिचा वास नाही, आणि जागा कोरडी राहिली तर ती फार काळ काम करत राहते. फवाऱ्याला हे जमत नाही.

दुसऱ्या प्रकारची पावडर विषारी नसतेच. डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सिलिकायुक्त कवचांचे थर जमिनीत साठतात, ते दळून ही भुकटी होते. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ लेप असतो. त्या लेपामुळेच त्याच्या शरीरातलं पाणी आत राहतं. ही भुकटी तो लेप खरवडते, शोषून घेते, आणि किडा अक्षरशः वाळून मरतो. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला आमच्या गावाकडची मुगाची मडकी आठवली. चुलीतली राख चाळून मूग-चवळीत मिसळून ठेवायची रीत आमच्याकडे होती, आणि त्या कडधान्याला वर्षभर टोका लागत नसे. बारीक कोरडी राख पण किड्याच्या अंगावरचा लेप बिघडवूनच काम करते. आमच्या बायकांनी हे शास्त्र म्हणून कधी मांडलं नाही, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं : धान्य कडकडीत वाळलेलं पाहिजे, राख चाळलेली पाहिजे, मडकं दमट जागी ठेवायचं नाही. पावडरीच्या कामाचे आजचे नियम यापेक्षा फारसे वेगळे नाहीत.

कोरडेपणाचं महत्त्व मला हॉटेलांच्या स्वयंपाकघरांनी शिकवलं. तिथलं झुरळ बारीक, फिकट तपकिरी, पाठीवर दोन काळ्या पट्ट्या असलेलं. त्याला जर्मन झुरळ म्हणतात. गटारातून वर येणारं मोठं लालसर झुरळ वेगळं. त्याच्यासाठी गटाराची जाळी आणि झाकणं नीट केली की अर्धं काम होतं. जर्मन झुरळ मात्र माणसाच्या जिनसांबरोबर आत येतं आणि फ्रीजच्या मोटरीजवळ, मिक्सरच्या तळाशी, टेबलाच्या पोकळ पायात बिऱ्हाड करतं. एका खानावळीत दर महिन्याला फवारणी होत होती, तरी रात्री दिवा लावला की ओटा हलल्यासारखा दिसे. पाण्याची फवारणी विजेच्या बोर्डात करता येत नाही, मोटरीत करता येत नाही, आणि झुरळं नेमकी तिथेच जाऊन बसली होती. आम्ही मेन स्विच बंद करवून बोर्डांच्या पेट्यांत, पाइप भिंतीत शिरतात त्या पोकळीत, ओट्याच्या कडाप्प्याखालच्या फटीत पावडर फुंकली आणि बाकी ठिकाणी जेलचे ठिपके दिले. दोन्ही एकाच जागी कधी देऊ नयेत. जेल हे झुरळाचं जेवण आहे आणि त्यावर पावडर बसली की ते त्याला तोंड लावत नाही. खानावळ शांत व्हायला दीड-एक महिना गेला. रोज रात्री ओटे धुताना पाणी भिंतीवर मारायचं नाही, हे तिथल्या पोरांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं. ओली झालेली पावडर चिखल होते आणि मग तिचा काडीचा उपयोग नाही.

पावसाळ्यात म्हणूनच मी पावडरीची कामं कमी घेतो. डस्टरच्या फुग्यात दोन-चार कोरडे खडे टाकून ठेवतो, म्हणजे गुठळ्या फुटतात. फुगा कधी गच्च भरायचा नाही. अर्ध्याहून थोडा अधिक भरायचा, नळी वर धरायची आणि नुसता अंगठ्यानं दाब द्यायचा. नव्या मुलांचा हात जड असतो. त्यांना मी आधी काळ्या कागदावर फुंकर मारायला लावतो. कागद काळाच दिसला पाहिजे, बोट फिरवल्यावर मात्र बोटाला पांढरं लागलं पाहिजे. हे जमायला वेळ लागतो. काम सुरू करण्याआधी पंखे बंद, एसी बंद, मुलं आणि म्हातारी माणसं बाहेर, माशांची टाकी झाकलेली आणि तिचा हवेचा पंपही बंद. पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांना फार लवकर मारतात, आणि त्यातलं परमेथ्रिन मांजरांनाही सोसत नाही. घरात मांजर आहे का, हे मी आता दारातच विचारतो.

ढेकणांचं काम सगळ्यात जास्त धीर मागतं आणि सगळ्यात कमी शाबासकी मिळवून देतं. लोकांना घरात ढेकूण आहेत हे सांगायची लाज वाटते. एका कुटुंबानं शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मला रात्री बोलावलं होतं, गाडीवरचं नाव झाकून यायला सांगितलं होतं. ढेकणाचा आणि अस्वच्छतेचा फारसा संबंध नाही. प्रवासाच्या बॅगेतून, जुन्या फर्निचरमधून तो कुणाच्याही घरी येतो. तो महिनोन्महिने उपाशी राहू शकतो. आणि औषधांना तो सरावलाही आहे. डीडीटी दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर पोचतं न पोचतं तोच, १९४७ साली, हवाई बेटांवर त्याला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. पण अंगावरचा मेणाचा लेप खरवडणाऱ्या पावडरीपुढे औषधाची सवय तितकी कामाला येत नाही. पलंगाच्या सांध्यांत, दिवाणाच्या फळ्यांच्या खाचांत, स्कर्टिंगच्या मागे ती विरळ द्यायची. गादीवर आणि उशीवर कधीही नाही. माणूस जिथे तोंड ठेवून झोपतो तिथे कुठलीच भुकटी नको, बिनविषारी असली तरी नको. बारीक सिलिका फुप्फुसात जाणं चांगलं नाही. चादरी उकळत्या पाण्यातून काढायच्या. आमच्याकडे वैशाखात खाटा उन्हात टाकून सांध्यांत कढत पाणी ओतत, तो उपाय अगदी बरोबर होता आणि आजही मी तो आवर्जून सांगतो.

डंख करणाऱ्या किड्यांचं काम निराळं. तिथे चूक झाली तर ती तिथल्या तिथे अंगावर येते.

रत्नागिरीजवळ जांभ्याच्या चिऱ्यांचं एक घर होतं. पाऊस नुकताच सरला होता. वाशाखालच्या एका भोकातून गांधीलमाश्यांची ये-जा चाले. मोठ्या, गडद तांबूस, पोटावर पिवळा पट्टा. घरच्या कुणीतरी आदल्या दिवशी त्या भोकात रॉकेल ओतलं होतं आणि एका काकांना पाचसहा डंख बसले होते. मी पोचलो तेव्हा अंगणात सिमेंट कालवून तयार होतं. ‘बुजवून टाकतो, आत गुदमरून मरतील.’ मी ते थांबवलं. भोक बुजवलं की आतल्या माश्या मरत नाहीत. त्या दुसरी वाट शोधतात, मऊ लाकूड किंवा माती कुरतडून काढतात, आणि जांभ्याच्या भिंतीत अशा वाटा शंभर असतात. त्यातली एखादी हटकून माजघरात निघते. बाहेर गेलेल्या माश्या परत येऊन बंद दारावर घिरट्या घालतात ते वेगळंच.

दिवसभर मी नुसतं लांबून पाहिलं. सगळ्या माश्या एकाच भोकातून जातात की दोन, हे आधी कळलं पाहिजे. अंधार पडला, ये-जा थांबली, सगळ्या आत आल्या. अंगभर जाड कपडे, हातमोजे, जाळीचा बुरखा, विजार मोज्यात खोचलेली. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद, कारण लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. बॅटरी हातात धरायची नाही, बाजूला ठेवायची, म्हणजे एखादी उठलीच तर उजेडाकडे जाईल. लांब नळी भोकाच्या तोंडाशी नेऊन आत दोन-तीन फुंकरी मारल्या आणि मागं सरलो. भोक उघडंच ठेवलं. काम इथून पुढे पावडर करते. प्रत्येक माशी येता-जाता त्या दारावरून जाते, पाय भरवते आणि पोळ्याच्या आतपर्यंत औषध स्वतःच नेऊन पोचवते. पातळ औषध दगडात जिरून गेलं असतं, पोळ्यापर्यंत गेलंच नसतं. दोन दिवसांनी ये-जा संपली. आणखी एक दिवस थांबून आम्ही चिरा सैल केला, कागदासारखं राखाडी पोळं बाहेर काढलं आणि मग नव्यानं सिमेंट कालवून भोक बुजवलं.

काकांना त्या दिवशी डंखावर चुना लावला होता, लोखंडही घासलं होतं. सुदैवानं त्यांना फक्त सूज आली. पण मी त्या घरात आणि नंतर प्रत्येक घरात सांगत आलो आहे : डंखानंतर ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, भोवळ आली तर चुना-लोखंड शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. ते ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनचं काम आहे आणि तिथे मिनिटं मोजावी लागतात. खूप डंख बसले असतील तर माणूस ठीक दिसला तरी न्या, कारण गांधीलमाशीच्या विषानं पुढे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

सगळ्याच माश्यांना पावडर लागत नाही. दाराच्या चौकटीवर मातीचं घरटं करणारी कुंभारीण एकटी राहते, सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. घरट्यात ती पिल्लांसाठी कोळी किंवा अळ्या भरून ठेवते. घरटं रिकामं झालं की सुरीनं खरवडलं, संपलं. झाडाच्या फांदीला लटकलेलं छत्रीसारखं उघडं पोळं वाटेत नसेल तर मी ते काढायचे पैसे घेत नाही, कारण काढूच नये. बागेतल्या अळ्या तीच माशी वेचते.

आणि मधमाश्यांवर मी पावडर मारत नाही. या एका बाबतीत मी कित्येक गिऱ्हाइकं गमावली आहेत आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. एका सोसायटीत सातव्या मजल्याच्या छज्ज्याला आग्या मोहोळ लागलं होतं. सगळे घाबरलेले, आणि घाबरणं योग्यच होतं, कारण आग्या चिडला तर पाठलाग करतो. सेक्रेटरी म्हणाले, ‘पैसे किती ते सांगा, आजच्या आज संपवा.’ मी त्यांना समजावलं. उघड्या पोळ्यावर पावडर उडवली की मरायच्या आधी हजारो माश्या खाली उतरतील. विषारी झालेला मध दुसऱ्या मधमाश्या लुटून नेतील आणि त्यांची पोळी मरतील. कुणी तो मध पिळून खाल्ला तर आणखी भयंकर. शिवाय आग्या माश्या फिरत्या असतात, फुलोरा सरला की पोळं सोडून जातात. त्या मजल्यावरचे दिवे रात्री बंद ठेवा, खिडक्यांना जाळी लावा, खालून मुलांना दगड मारू देऊ नका, एवढंच मी सांगितलं. त्यांना ते पटायला दोन बैठका लागल्या. पहिल्या पावसाआधी पोळं रिकामं झालं.

सातेरी मधमाशी पाण्याच्या मीटरच्या पेटीत, भिंतीच्या पोकळीत येऊन बसते. तिला तर पेटीत भरून हलवता येतं. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव झालं. मधपाळ शोधला तर सापडतो. ज्या माशीला पेटीत नेऊन कुणी पोट भरू शकतं, तिच्यावर भुकटी उडवायला माझा हात धजत नाही.

शेवटी घरातल्या डब्यांविषयी. बोरिक पावडर अनेकांना कॅरमबोर्डावर टाकायची म्हणून माहीत आहे आणि त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. ती निरुपद्रवी नाही. तान्ह्या बाळाच्या अंगाला ती लावायची पद्धत डॉक्टरांनी केव्हाच सोडून दिली आहे, कारण त्यातून बाळं दगावली होती. पांढरी भुकटी स्वयंपाकघरात मैद्यासारखी, मिठासारखी, दुधाच्या पावडरीसारखी दिसते. मुंग्यांचा खडू शाळेच्या खडूसारखा दिसतो. कणीक, साखर आणि बोरिक यांच्या गोळ्या करून ओट्याखाली ठेवणाऱ्या वहिनींना मी नेहमी विचारतो, रांगणारं मूल आहे का घरात? २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत कीटकनाशकानं दूषित झालेल्या तेलात शिजलेलं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. रिकामी बरणी, रिकामा डबा दुसऱ्या कामाला वापरणं ही आपल्याकडे काटकसर समजली जाते. औषधाच्या बाबतीत ती करू नका.

आणि तुमच्या दारात येणाऱ्या माणसाला, मग तो मी का असेना, दोन गोष्टी मागा. एक, कृषी खात्याचा परवाना. दुसरी, पावडरीचा मूळ पुडा. त्यावर औषधाचं नाव, नोंदणी क्रमांक, मुदत आणि चौकोनातला रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. मोबाईलवर त्या पुड्याचा फोटो काढून ठेवा, पाठीमागच्या प्रतिविषाच्या माहितीसकट. दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. बिनलेबलच्या पिशवीत पावडर घेऊन आलेल्या माणसाला, तो कितीही ओळखीचा असला आणि कितीही स्वस्तात काम करून देत असला तरी, घरात घेऊ नका.